खेडहून आणलेला फोन

ती फिर्याद मी आजही विसरू शकलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, समुद्राने आठ दिवसांनी परत दिलेली प्रेतं पाहिली. होऊ नये म्हटलं तरी त्याची सवय होते. या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नव्हता. तरीही तपास संपला त्या दुपारी मी खुर्चीत तसाच बसून होतो. ठाणे अंमलदाराने दोनदा हाक मारली, ती मला ऐकू आली नाही.

तेव्हा मी रत्नागिरीत पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली होती, स्टेशन डायरी चाळत होतो. एक बाई आणि त्यांचे वडील आत आले. बाई तिशी ओलांडलेल्या, सरकारी कचेरीत लिपिक. वडील निवृत्त विज्ञान शिक्षक, घर पूर्णगडच्या बाजूला. त्या भागात त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. शाळा बंद होत्या त्या काळात त्यांनी लोकांच्या घरात पडून राहिलेले जुने मोबाईल गोळा केले होते, त्यांवर नवी सिस्टीम घालून ते मुलांना अभ्यासासाठी वाटले होते. हे मीही ऐकून होतो. म्हणून उठून त्यांना खुर्ची दिली.

“साहेब, कोणीतरी माझ्या मुलीच्या हात धुऊन मागे लागलंय,” सर म्हणाले. “तुम्ही जातीने लक्ष घाला.”

बाईंचं लग्न तीनदा ठरता ठरता मोडलं होतं. पहिल्या दोन वेळा नशीब म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. तिसऱ्या वेळचा मुलगा सरळ होता. त्याने नकार कळवताना त्याच्या घरी आलेलं निनावी पत्र बाईंच्या हातात ठेवलं. पत्र छापील होतं, पाकिटावर चिपळूणचा शिक्का. आई वारल्यानंतर बाई काही महिने डॉक्टरांची औषधं घेत होत्या, ते त्यात तिखटमीठ लावून लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘लग्नानंतर सासूसासऱ्यांशी पटणार नाही हे ती आत्ताच बोलून दाखवते.’

“हे शेवटचं मी एकाच माणसाशी बोलले होते,” बाई म्हणाल्या. “माझ्या मैत्रिणीशी.”

मी गुन्हा नोंदवला. मैत्रीण रुग्णालयात परिचारिका होती. तिचा जबाब घ्यायला महिला हवालदाराला घेऊन मी तिच्या घरी गेलो. जबाब म्हणतो, पण खरं तर ती उलटतपासणीच होती. तीन तास मी तिला सोडलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात तिची सासू उभी होती आणि माझा प्रत्येक प्रश्न तिच्या कानावर पडत होता. माझी खात्री होती की गुपित ठाऊक असलेलं माणूस एकच, म्हणजे फोडणारंही तेच.

ती रडली नाही. शेवटी म्हणाली, “साहेब, मी तिच्याशी फोनवर बोलते आणि रविवारी समोरासमोरही बोलते. समोर आम्ही यापेक्षा कितीतरी जास्त बोललोय. पत्रात त्यातलं एक अक्षर तरी आहे का, बघा. सगळं फोनवरचं आहे.”

मी पत्र पुन्हा वाचलं. तिचं म्हणणं खरं होतं. इतकी साधी गोष्ट मला दिसली नव्हती आणि जिला मी आरोपी समजत होतो तिने ती दाखवून दिली.

दुसऱ्या दिवशी दोन पंचांसमक्ष बाईंचा फोन ताब्यात घेतला. सायबर शाखेतली एक महिला अंमलदार आली होती. तिने फोन बंद करून चालू केला. पडद्यावर कंपनीच्या नावाआधी इंग्रजीत इशारा आला आणि काही सेकंदांत गेला.

“हे नेहमी येतं?” तिने विचारलं.

“पहिल्या दिवसापासून,” बाई म्हणाल्या. “नव्या फोनवर असतंच ते, असं कळलं मला.”

“बँकेचं ॲप चालतं यात?”

“नाही चालत. बँकेत जाऊनच कामं करते.”

अंमलदाराने माझ्याकडे पाहिलं. नंतर तिने मला समजेल अशा भाषेत सांगितलं. कंपनी फोनला आतून कुलूप लावून विकते. या फोनचं ते कुलूप काढलेलं होतं. मूळ सिस्टीम पुसून दुसरी घातली होती आणि फोनवरचा सर्वात वरचा ताबा, ज्याला ही मंडळी रूट म्हणतात, तो कोणीतरी स्वतःकडे घेतला होता. आत एक लपवलेला प्रोग्राम होता. प्रत्येक कॉल ध्वनिमुद्रित होऊन बाहेर जात होता. कुलूप उघडं म्हणूनच तो इशारा येत होता आणि बँकेचं ॲप चालत नव्हतं. “कुलूप काढणं हा काही गुन्हा नाही, साहेब,” ती म्हणाली. “हौशी लोक जुन्या फोनचं आयुष्य वाढवायला करतात. पण ज्याचा फोन आहे त्याला ते माहीत असतं. इथे बाईंना पत्ताच नाही.”

फोन कुठून आला? बाईंच्या जबाबात एक ओळ होती, ‘सदर मोबाईल वडिलांनी वाढदिवसानिमित्त दिला.’ ती मी स्वतः लिहून घेतली होती. तरीही माझा संशय गेला तो दुकानदारावर. विकण्याआधीच त्याने फोनमध्ये काहीतरी केलं असणार, असं मी गृहीत धरलं. फोनच्या ओळख क्रमांकावरून वितरकाने दुकान शोधून दिलं. ते निघालं खेडला, एसटी स्टँडजवळ. रत्नागिरीत पावलोपावली मोबाईलची दुकानं असताना एवढ्या लांबून फोन का आणला असेल, हा प्रश्न मला जीपमध्ये पडला. उत्तर मी तेव्हाही दुकानदाराकडेच शोधत होतो.

दुकानदार पन्नाशीचा, बोलका गृहस्थ. फोनचा फोटो पाहताच म्हणाला, “हा मी मुद्दाम मागवून दिलेला. गिऱ्हाईक डोक्यात राहिलंय बघा.”

“का?”

“अहो, लोक काय विचारतात? कॅमेरा कसा, बॅटरी किती चालते. ह्यांनी त्यातलं एक विचारलं नाही. वही घेऊन आलेले. ह्याचा बूटलोडर, म्हणजे आतलं कुलूप, कंपनी उघडू देते काय, आतली चिप कुठली, मॉडेलचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत दाखवा. तीनदा आले. मी नवं मॉडेल दाखवलं तर म्हणाले, नको, हेच पाहिजे. असली चौकशी कॉलेजची पोरं करतात. म्हाताऱ्या माणसाने केलेली मी पहिल्यांदा बघितली.”

“म्हातारा?”

“हां. पांढरे केस, चष्म्याला दोरी. बोलणं एकदम मास्तरासारखं.”

माझ्या हातातलं पेन थांबलं. सोबतच्या हवालदाराने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली.

दुसऱ्या दिवशी सर आणि बाई, दोघांनाही ठाण्यात बोलावलं. बाईंना शेजारच्या खोलीत महिला हवालदाराजवळ बसवलं. मधलं दार उघडंच होतं. सरांसमोर मी आवाज चढवला नाही. फोन टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “सर, मला यातलं काही कळत नाही. असा फोन निवडायचा कसा, तेवढं समजावून सांगा.”

त्यांचा चेहरा उजळला. तो चेहरा मी विसरलेलो नाही.

“आधी कंपनी बघायची,” ते म्हणाले. “काही कंपन्या कुलूप उघडूच देत नाहीत, त्या सोडायच्या. मग मॉडेलचा नेमका क्रमांक. एकाच नावाचा फोन दोन देशांत आतून वेगळा असतो, एकाचं कुलूप उघडतं, दुसऱ्याचं नाही. अगदी नवा घ्यायचा नाही. जगात भरपूर लोकांनी वापरलेला हवा, म्हणजे त्याच्यासाठी सिस्टीम तयार करणारे आणि चुका दुरुस्त करणारे भेटतात. आणि काही बिघडलंच तर मूळ सिस्टीम परत घालता आली पाहिजे. तिची फाइल आधीच मिळवून ठेवायची. मला हा फोन ठरवायला तीन आठवडे लागले.”

“मुलीसाठी?”

“हो, मुलीसाठीच...”

वाक्य अर्धं राहिलं. आपण काय बोलून गेलो ते त्यांना तेव्हा कळलं. चष्मा काढून ते पुसत राहिले. मी वाट पाहिली. चौकशीत गप्प बसणं हे सर्वात अवघड काम असतं.

“ही गेली असती तर घरात मी कोणाशी बोलायचं होतं?” ते शेवटी म्हणाले. “बायको गेली. शाळा गेली. लग्न मोडलं की ती पुन्हा माझ्याजवळ बसायची. मी तिचं काही वाईट केलं नाही, साहेब. जेवली का, कुठे पोचली, सगळं मला कळायचं. काळजी होती म्हणून केलं.”

“मग फिर्याद द्यायला तिच्याबरोबर का आलात?”

“ती एकटी येणार होती. एकटीला कसं पाठवू?”

मी टेबलावरचा फोन उचलून मुद्देमालाच्या पाकिटात परत ठेवला.

बाई दारात येऊन उभ्या होत्या. केव्हापासून, मला ठाऊक नाही. त्या आत आल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. तिथूनच विचारलं, “बाबा, आई गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची मला लाज वाटते, हे मी मैत्रिणीला फोनवर रडत रडत सांगत होते. तेही ऐकलंत?”

सरांनी हो म्हणून मान हलवली.

“आणि त्याच दिवशी माझ्याबरोबर जेवायला बसलात?”

सरांच्या घरच्या झडतीत संगणकावर सगळं मिळालं. तारीखवार, नीट नावं दिलेल्या फाइली, शाळेच्या दप्तरासारख्या. पत्रांचे कच्चे मसुदेही होते.

फिर्याद मागे घेण्यासाठी बाईंवर नातेवाइकांनी खूप दबाव आणला. त्यांनी ती मागे घेतली नाही. सरांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. बाईंनी बदली मागून घेतली आणि त्या वेगळ्या राहायला गेल्या. मैत्रिणीच्या घरी मी गणवेशात पुन्हा एकदा गेलो आणि तिच्या सासूसमोर माफी मागितली. ते माझं कर्तव्य होतं. त्यानंतर फिर्यादीसोबत कोणीही आलं, आई असो, बाप असो वा नवरा, तरी त्याला बाहेर बाकावर बसवायचं आणि फिर्यादीशी एकांतात बोलायचं, असा नियम मी ठाण्यात घातला. काहींना राग यायचा. येऊ दिला.

आता माझ्याबद्दल. माझी मुलगी पुण्यात शिकत होती. तिला फोन घेऊन देताना ती कुठे आहे ते मला दिसेल, अशी सोय मी त्यात करून ठेवली होती. तिला सांगितलं नव्हतं. रोज संध्याकाळी नकाशावरचा तिचा ठिपका पाहिला की मला बरं वाटायचं. हे प्रकरण संपल्यावर मी तिला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, “परीक्षेच्या आधी तीन दिवस मी दवाखान्यात ॲडमिट होते, बाबा. तुम्ही घाबराल म्हणून सांगितलं नाही. ते दिसलं असेल ना तुम्हाला?”

दिसलं होतं. तिन्ही दिवस ठिपका दवाखान्यावर होता. कोणी मैत्रीण आजारी असेल असं मी मनाला समजावलं होतं. विचारलं असतं तर मी तिच्यावर नजर ठेवतो हे उघड झालं असतं, म्हणून मी विचारलं नव्हतं.