डोक्यावरची जागा

माणसाला जगायला फार थोडी जागा लागते. हे वाक्य मी वर्गात अनेकदा, खिडकीबाहेर बघत म्हटलेलं आहे आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतलेलं आहे. पुढे माझी बदली लातूरहून नांदेडला झाली. तिसऱ्या मजल्यावर जो फ्लॅट मिळाला, त्याच्या स्वयंपाकघरात फ्रिज उघडायचा तर आधी दार लावावं लागतं, आणि दार लावलं की आत दुसरं माणूस उभं राहू शकत नाही. तेव्हापासून ते वाक्य मी म्हणत नाही.

माझी बायको लातूर जिल्ह्यातल्या ज्या पट्ट्यातली, तिथे भूकंप म्हटल्यावर कुठला ते विचारावं लागत नाही. तेव्हा ती शाळेत होती. दगडमातीच्या माळवदाखालून तिला ओढून काढलं. धाकटा भाऊ सापडला तो दुसऱ्या दिवशी. त्यानंतर ती वरच्या मजल्यावर कधी राहिली नाही. लातूरचं आमचं भाड्याचं घर बैठं, वर पत्रा. उन्हाळ्यात आत भाजून निघायचो, पण पत्रा हलका असतो, यावर आमच्यात वाद नव्हता.

नांदेडला येताना तिने एकच अट घातली. "दिवाळीपर्यंत बघते. झोप लागली तर ऱ्हाईन. न्हाई लागली तर मी लातूरला, तुम्ही हितं. ते घर सोडू नका."

म्हणजे पन्नाशीत दोन चुली. मी मान डोलावली.

झोप तिला लागत नव्हतीच. त्यात भांडी सगळी जमिनीवर. ओट्यावरच्या माळ्यात तिने रिकामं खोकंसुद्धा ठेवू दिलं नव्हतं. कुकर, खलबत्ता, डबे यांच्यामधून सिंकपर्यंत एक पायवाट उरली होती. शेवटी एका रविवारी लातूरला गेलो असताना आमच्या ओळखीच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानाचा आता 'किचन स्टुडिओ' झाला होता. कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेले मालक तेच होते, फक्त त्यांच्यामागे कॉफी पिणाऱ्या गोऱ्या बाईचा भलामोठा फोटो आला होता.

"जागा वाचवायची म्हणजे सर, भिंत वापरायची," मालक म्हणाले. "लोक लई भिंत वाया घालवायलेत."

त्यांनी भिंतीवरचं ताटाळं दाखवलं, डब्यांची फळी, सिंकवर टांगायची जाळी, सुऱ्या चिकटवायची चुंबकाची पट्टी. बायको प्रत्येक वस्तू दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरायची, क्षणभर तशीच उभी राहायची आणि खाली ठेवायची. गिऱ्हाईक वस्तू अशी निवडत नाही. दुकानातल्या दोन बाया तिच्यापासून जरा लांब सरकल्या.

"पडत न्हाई हो अक्का," मालक हसत म्हणाले. "एकवेळ भिंत पडंल, पण हे पडणार न्हाई."

"भिंत पडतेच," ती म्हणाली. "आमची दोन हात रुंद होती."

मालक लातूरचेच. त्यांनी नजर खाली घातली आणि चहा सांगितला.

"ह्यानं जागा वाचत न्हाई," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "नुसती डोक्यावर जाते."

मग तिने घडी होणारी रबरी चाळणी घेतली, एकात एक बसणारे वाडगे घेतले, पाय दुमडणारं पोळपाट घेतलं. निघता निघता ती एका स्टीलच्या दांडीपाशी थांबली. दांडीला हुक होते आणि हुकांना पळी, झारा, उलथनं, डाव, चिमटा अशी पाच हलकी हत्यारं लटकत होती. तिने पळीला नखाने टिचकी मारली. बारीक नाद उठला. तो पूर्ण विरेपर्यंत ती मान तिरकी करून ऐकत राहिली.

"हे द्या," ती म्हणाली.

भिंतीवर जाणारी पहिली वस्तू. मला ही प्रगती वाटली.

दांडी मी खिडकीशेजारी ठोकली. तिने ती हत्यारं अगदी जवळजवळ अडकवली, मध्ये जेमतेम बोटभर अंतर. मला ते गबाळं वाटलं म्हणून मी ती लांब लांब केली. दुसऱ्या दिवशी हत्यारं पुन्हा जवळजवळ होती.

काही दिवसांनी दुपारी मी पेपर तपासत बसलो होतो. आतून आवाज आला, कुणी ताटाला नख लावावं तसा. जाऊन पाहिलं तर पाचही हत्यारं हलत होती, अगदी थोडी, सगळी एकाच बाजूला. खिडकी बंद होती. पंखा बंद होता. बायको माझ्यामागे येऊन उभी राहिली. ती हत्यारांकडे बघत नव्हती, ओट्यावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होती. पाणी स्थिर होतं.

"जड गाडी असंल," ती म्हणाली. आमच्या मागे रस्ता नाही, मैदान आहे.

पुढे हे दोन-चार दिवसांआड होऊ लागलं, नेहमी दुपारी. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, शेजाऱ्यांवर ठेवतो. वरच्या मजल्यावरच्या मावशींकडे घरगुती चक्की होती. मी वर गेलो.

"मावशी, दुपारची चक्की जरा हळू लावता येईल का?"

"चक्की? ती पोळ्यापासनं बंद हाय. पट्टा तुटलाय." मावशींनी मला आत घेऊन कापड घातलेली चक्की दाखवली. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तुम्हीच सांगा बाबा, खालून घरघर कशाची येऊन राहिली? आम्हाला वाटलं तुमची हाय."

आमच्याकडे चक्की नाही. आमच्या खालचा फ्लॅट कुलूपबंद आहे, मालक हैदराबादला असतात. मी कुलपाला कान लावून आलो. आत काही नव्हतं, किंवा जे होतं ते गप्प होतं.

हे ऐकून ती बॅग भरायला घेणार असं मला वाटलं. ती भाजी निवडत राहिली.

"भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात ऱ्हायचो तवा," ती म्हणाली, "आई तांब्यावर तांब्या उपडा ठेवायची. वरचा पडला की बाहेर पळायचं. त्या आवाजाच्या भरवशावर झोपायचो आम्ही."

मी दांडीकडे पाहिलं. बोटभर अंतराचा अर्थ तेव्हा लागला.

"मग ही सारखी वाजतात त्याचं काय?"

"हे नुसतं बोलणं हाय. खरं आलं की कळतं."

कोण कुणाशी बोलतंय, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, अशी मला शंका होती.

दिवाळीच्या आधी एका सकाळी मी दाढी करत होतो. ती भाकरी थापत होती. हत्यारं वाजली, पण नख लागल्यासारखी नाही. कुणी सगळ्यांवरून एकदम हात फिरवल्यासारखी. तिने गॅस बंद केला आणि पिठाच्या हाताने माझं मनगट धरलं. जिन्यात कुणी नव्हतं. पहिल्या मजल्यावर पोचलो तेव्हा खालून गुरगुर आली, दगडांचा ट्रक रिकामा करावा तशी, आणि कठडा माझ्या हाताखाली थरथरला.

"काय सर, तोंड तरी धुवून यायचं," वॉचमन हसला. मग त्याची नजर फाटकाकडे गेली. फाटकाची साखळी आपोआप झुलत होती.

त्यानंतर इमारतीतले सगळे खाली आले. धक्का लहान होता, टीव्हीवरही तो लहानच दाखवला. कुणाला काही झालं नाही. संध्याकाळी सोसायटीच्या अध्यक्षांनी सतर्कता या विषयावर लांबलचक भाषण केलं आणि बायकोला शाल, श्रीफळ दिलं. नारळ हातात तोलून तिने विचारलं, "हलकं काही न्हाई का?" अध्यक्षांना हा विनय वाटला.

घरी आल्यावर तिने नारळ जमिनीवर ठेवला, दांडीखाली चटई टाकली आणि झोपली. ती इतकी गाढ झोपली की मी दोनदा वाकून तिचा श्वास पाहिला.

दिवाळी झाली. लातूरचं घर आम्ही सोडलं. मावशींच्या चक्कीचा पट्टा अजून तुटलेलाच आहे, आणि दुपारी हत्यारं अजून अधूनमधून वाजतात. त्यांना हात लावायचा नाही. एक जरी काढलं तर अंतर बिघडतं. त्यामुळे स्वयंपाकासाठी दुसरी पळी, दुसरा झारा, दुसरं उलथनं, डाव आणि चिमटा घ्यावा लागला. ते ओट्यावर एका डब्यात उभे असतात. आता तिथे पोळपाट मावत नाही, म्हणून पोळ्या मी बाहेर, पेपर तपासायच्या टेबलावर लाटतो.