चित्त्याचे ठिपके

ये, अशी जवळ सरक. तिकडं पुण्यात बसून वाचत असलीस तरी समज, माझ्या मांडीला मांडी लावून बसलीस. आधी थोडं बोलून घेते तुला. एवढी शिकलीस, आणि चुलतीबद्दल ऐकलेलं इतकी वर्षं पोटात ठेवून गप्प राहिलीस होय? परवा फोनवर सोन्याच्या नाण्याचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "मोठी आई, असलंच होतं का ते?" असलंच होतं. पण तुला विचारायचं होतं ते वेगळंच. तुझ्या आईचं आणि माझं कशानं फाटलं, ते नाणं मी बदललं का, हे विचारायला जीभ रेटली नाही तुझी. तर आता ऐक.

तुझे वडील, म्हणजे माझे धाकटे दीर, आपल्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यात पॅनवर होते. उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा पाडायचा, ते काम. मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही गेला. रानात उसाचं टिपरू नाही, तर कारखाना गाळणार काय? आपल्या वस्तीवरनं त्याची चिमणी दिसायची. धूर नाही, काही नाही, नुसती उभी. सभासदांच्या बैठका मात्र जोरात. संचालक म्हणायचे, पुढच्या हंगामाला बघू. तुझे वडील बघत बसले नाहीत. आफ्रिकेत टांझानिया म्हणून देश आहे, तिथल्या साखर कारखान्याला जाणता माणूस पाहिजे होता. ते गेले.

तिथं त्यांना नाण्यांचा नाद लागला. एक म्हातारा गुजराती दुकानदार होता, त्यानं लावला. त्या देशाच्या सरकारनं कशाकशाच्या आठवणीखातर सोन्याची नाणी पाडलेली, अगदी थोडी. बाजारात चालणारी नव्हेत, जपून ठेवायची. सुट्टीवर येताना तुझे वडील एखादं घेऊन यायचे. दारू नाही, पत्ते नाहीत, हाच काय तो नाद. त्यातलं चित्त्याचं नाणं लई लाडकं. एका बाजूला तिथल्या अध्यक्षाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला चित्ता, आणि त्याच्या अंगावर ठिपका न् ठिपका मोजून घ्यावा असा. त्याची त्यांना जोडी मिळाली होती.

"वहिनी, एक डबीत राहू द्या, एक आपल्या थोरलीच्या गळ्यात घाला," म्हणाले. थोरली म्हणजे आपल्या महालक्ष्म्यांतली थोरली. महालक्ष्म्या थोरल्या सुनेच्या घरी बसतात, म्हणून घरादाराचं सोनंही माझ्याच कपाटात. "पण भोक पाडायचं न्हाई, कडी डागायची न्हाई. नाण्याला हात लागला की गेलं ते." मग माझ्या माहेरच्या, पालीच्या सोनारानं नाण्याभोवती बारीक चौकट करून दिली आणि ते माळेत ओवलं.

तुझ्या आईला हे पहिल्यापासून रुचलं नव्हतं. एकदा कणीक मळता मळता शेजारणीला म्हणाली, "कमाई माझ्या नवऱ्याची, अन् किल्ली हिच्या कमरेला. असं कावून?" मी ओसरीवर होते. ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं. पण त्या दिवसापासून कपाटाच्या कडीला मी काळा दोरा बांधू लागले. गाठ अशी मारायची की दुसऱ्या कुणी सोडली तर मला कळावं. तुझ्या आईला तो दोरा दिसला नसेल असं वाटतं तुला? दोन जावा एका चुलीवर रांधत होतो, आणि दोघींचं ध्यान कपाटाकडं.

तुझे वडील कायमचे परत आले आणि बीडला घर केलं. त्या भादव्यात सगळे आपल्याकडं जमलो. महालक्ष्म्या उठल्यावर त्यांनी थोरलीच्या गळ्यातलं नाणं मागितलं, डबीतलं काढलं, दोन्ही तळहातावर घेऊन उजेडाला ओसरीत बसले. डोळ्याला भिंग लावलं. मी सुपारी कातरत होते. दोन्ही नाणी आलटून पालटून बघितली. मग म्हणाले, "वहिनी, ही जोडी न्हाई."

मी जवळ जाऊन बघितलं. डबीतला चित्ता ठिपक्यांचा. थोरलीच्या गळ्यातला नुसता पिवळा, मांजरासारखा. पाठीवर एक ठिपका नाही.

"कुणी तरी बदललंय," तुझी आई आतनं म्हणाली. नाव घेतलं नाही माझं. घ्यायची गरजही नव्हती, किल्ली माझ्याच कमरेला होती.

बीडच्या सोनाराकडं नेलं. त्यानं कसोटीवर घासलं, काट्यावर घातलं. सोनं अस्सल, नाणंही तिथलंच, पण वजन गुंजभर कमी. झालं, आगीत तेल पडलं. "बदललं नसंल, कानस मारली असंल," तुझी आई म्हणाली. "चौकट करणारा सोनार यांच्याच माहेरचा की." पालीचा तो बिचारा मरून वर्ष झालं होतं, त्याला कोण विचारणार? मला तर वेगळाच संशय. वाटायचं, हिनंच काही केलं असेल, माझी किल्ली जावी म्हणून. तुझे वडीलही सुटले नाहीत माझ्या मनातनं, त्या गुजराती म्हाताऱ्यानं झिजकं नाणं यांच्या गळ्यात मारलं असेल आणि आता कबूल करवत नसेल. बघ, घरातलं एक माणूस सोडलं नाही मी.

डबी तुझे वडील घेऊन गेले. ते नाणंही. तुझी आई महालक्ष्म्यांना यायची, पण ऐन जेवणाच्या वेळेला, पाहुण्यासारखी. आधी वस्तीवर होती तोवर सणाच्या दोन दिवस अगोदर कामाला बसायची, आणि बीडहून पहिल्या वर्षी आलीही दोन दिवस अगोदर. आपल्यात रीतच तशी. पुरणाचं थोरल्या सुनेनं बघायचं, आणि भांडी, समया, दागिने घासून लखलखीत करायचं ते धाकटीनं. तिचा हात मोठा चांगला. समईत तोंड दिसावं असं घासायची.

ती येईना, म्हणून घासणं माझ्याकडं आलं. पुन्हा तसाच दुष्काळ होता. वस्तीवर टँकर यायचा, वाट्याला दोन घागरी. चिंच लावून धुवायला पाणी कुठलं? पहिल्या दुष्काळापासून आपल्याकडं परळीची राख होती. थर्मलमधली, वीज करायला जाळतात त्या कोळशाची. वीटभट्टीवाला पोतंभर टाकून जायचा. तिनं कोरडंच घासायचं, फडक्यानं पुसायचं, पाण्याचा थेंब लागत नाही. तर मी समई घ्यायला गेले आणि वरचा मोर बघितला. मोराला डोळा नाही. पिसाऱ्यावरच्या रेघा नाहीत. माझ्या लग्नात आलेली समई ती, मोर मला पाठ.

मी राखेची चिमूट दाताखाली धरली. हाताला पिठासारखी, दाताला करकर.

मग ट्रंकेतला राजाछाप चांदीचा रुपया काढला आणि दुपारभर त्याच राखेनं घासत बसले. गुरं घरी आली तेव्हा राजाची दाढी गुळगुळीत झाली होती. न्हावी नाही, वस्तरा नाही.

दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्यावरनं जीप धरली आणि तुमच्या घरी आले. तू शाळेत गेलतीस. रुपया तुझ्या वडिलांच्या हातावर ठेवला, राखेची पुडी शेजारी सोडली. त्यांनी भिंग काढलं. रुपया बघितला, मग ते नाणं बघितलं, मग पुन्हा रुपया.

"गुंजभर सोनं राखेत गेलं म्हणायचं," ते म्हणाले. "घासायचं कुणाकडं होतं, वहिनी?"

तुझी आई चहाच्या कपबश्या घेऊन दारात उभी होती.  तिच्याकडं बघितलं तर ती माझ्याकडं बघत होती, आता ही काय बोलते म्हणून. इतक्या वर्षांचं माझ्या जिभेवर आलं होतं गं. पण तिची ती बोटं बघितली, दर भादव्यात राखेनं फुटायची ती.

"टँकरचं पाणी दोन घागरी, भाऊजी," मी म्हणाले. "दुष्काळानं घासलं म्हना."

त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. नाणं माझ्या हातात दिलं. "नाद करणाऱ्याला आता याचा उपयोग न्हाई. थोरलीचंच असू द्या." तुझी आई एवढंच म्हणाली, "चहा निवायलाय, बाई."

आणि तेव्हापासून ती येतच नाही. आधी माझ्यावरच्या संशयानं पाहुण्यासारखी यायची, आता स्वतःच्या लाजेनं येत नाही. तुला तिनं पुढचं सांगितलं नाही, यात मला नवल वाटत नाही. मीही सांगितलं नसतं.

कपाटाला आता दोरा नाही. गुडघे दुखतात माझे, पण समया मी घासून ठेवीन, तिनं राखेला हात लावायचा नाही. फक्त ते नाणं तिनं तिच्या हातानं थोरलीच्या गळ्यात घालावं. भादवा लांब नाही. तिला घेऊन ये, जेवणाच्या वेळेला नको, दोन दिवस आधी ये. लवकर या गं.