खारात गेलेले आजोबा

त्या आजोबांचा शोध आजही आठवतो, आणि आठवला की आधी स्वतःचाच कान धरावासा वाटतो.

रायगडच्या खाडीकाठी शहर झपाट्याने वाढत होतं, त्या दशकातली गोष्ट. कालच्या भातशेतात आज टॉवरचा पाया. मी तिथला पोलीस अधिकारी; ठाण्याची डायरी जमिनीच्या भांडणांनी भरायची, त्यामुळे मला प्रत्येक भानगडीत दलालच दिसायचा.

एका सकाळी एक माणूस आईला घेऊन आला. सत्तरीचे वडील आदल्या दिवसापासून बेपत्ता. उरलेल्या जमिनीच्या विक्रीला अंगठा द्यायला ते तयार नव्हते म्हणे. म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली, "साहेब, त्ये खारात गेलेत. उधाण उतरलं का येतील."

मुलगा ओशाळला. बांध घालून खाडीपासून राखलेली आमची खारजमीन विकून आठ वर्षं झाली, तिथे इमारती आहेत, आईचं मनावर घेऊ नका, म्हणाला. मी समजूतदारपणे मान डोलावली. मिसिंग नोंदवली; म्हातारीचा जबाब घेतलाच नाही.

दुपारी खबऱ्याची टीप आली: आजोबा एका दलालाच्या गाडीत बसताना दिसले. दलालाला लगेच उचललं. चार तास चौकशी. त्याचं एकच पालुपद: वाटेत भेटले, खारात सोड म्हणाले, सोडलं. मी टेबलावर हात आपटला. चांगलाच लागला.

"कुठे आहे खार? दाखव नकाशात."

"साहेब, तुम्ही राहता त्याच बिल्डिंगच्या गेटवर सोडलंय," तो रडकुंडीला आला. "त्यांची खार तीच व्हती."

हवालदार खोकला. हसू दाबताना तो तसाच खोकायचा.

तसाच घरी धावलो, तर आजोबा सापडले आमच्या तळघरात. तिथे दर उधाणाला खाडीचं पाणी शिरायचं. पंप लावून सोसायटी थकली होती. शेवटी तिथल्या मजुरांच्या मुकादमाने आजोबांना गाठलं. बांधातून पाणी सोडायची जुनी उघाडी कुठे बुजली, ते त्यांनाच ठाऊक. रात्री मजुरांच्या शेडमध्ये झोपून ते गुडघाभर पाण्यात भिंत चाचपत होते. त्याच सकाळी हॉर्न मारून मी त्यांना रॅम्पवरून हटवलं होतं.

घरचे घाबरलेत म्हटल्यावर ते चकित झाले. "बायकोला सांगून आलोय की."

 त्यांना धडधाकट पाहून मी तिथेच पायरीवर बसलो. म्हातारीला जीपने आणलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पदराने त्याचे ओले पाय पुसू लागली. ती नजर टेबलापेक्षा जास्त लागली. दलालाची मी सगळ्या स्टाफसमोर माफी मागितली.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत, मिसिंगच्या प्रत्येक नोंदीत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचा जबाब मी पहिला घेतला. तोही तिच्याच शब्दांत.