पटावरची माणसं

भुवड गुरुजी वर्गात आले की आधी डोकी मोजत. एकदा दाराकडून खिडकीकडे, मग उलट. दोन्ही आकडे जुळले की हजेरीपुस्तक उघडायचं. गैरहजर मित्रासाठी कुणी "हजर" ओरडला, तर त्याच्याकडे न बघताच म्हणत, "पटावर किती ते मला ठाऊक आहे. बाकावर किती ते सांग." देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगरातलं आमचं गाव. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत त्यांनी आम्हा सगळ्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, आणि ती विद्या घेऊन आम्ही मुंबईला पळालो.

गुरुजी पगाराच्या दिवशी देवरूखला गेले की एस्टी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेत टीव्हीवर लोकसभा बघत बसायचे. कोण काय बोलतोय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ते मागची बाकं मोजायचे. "पटावर पाचशेच्या वर, बाकावर साठ! आमच्या शाळेचा पट घसरला तर शिक्षक कमी करतात. मग यांचे खासदार कमी करा की. अर्ध्यात भागेल." हॉटेलातले सगळे माना डोलवायचे. दिल्लीतली माणसं कमी करायला इथे कुणाची हरकत असणार?

मग दोन हजार एकची जनगणना आली आणि गावाची मोजणी गुरुजींकडेच लागली. आता, घरात माणसं किती, या प्रश्नाचं आमच्याकडे ठरलेलं उत्तर असतं: सगळी. मुंबईतले भाऊ, त्यांच्या बायका, दुबईला गेलेला पुतण्या, गणपतीत जो पंगतीला बसतो तो घरातला. यात कुणी खोटं बोलत नाही, तसं मानतातच. पण सरकारी नियम सांगत होता, जो जिथे राहतो त्याला तिथेच धरायचं. आमच्या ओटीवर आईने "सात" सांगितलं. गुरुजींनी पेन कागदाला टेकवलंच नाही.

"वयनी, आज भात किती माणसांचा टाकलात?"

आई हळूच म्हणाली, "दोगांचा."

त्यांनी दोन लिहिले. पुढे आईने मला फोनवर सांगितलं, "गुरजींनी तुला घरातनं काडलानी रे." सरपंच भिकाजीदादा तर दारातच भांडले, "आमचा पोरगा मुंबयला गेला म्हंजे काय मेला? शिमग्याला पालखी कोन नाचवतो?" गुरुजी म्हणाले, "शिमग्यात मोजायला सांगितलं असतं तर मोजला असता."

काही वर्षांनी त्याच आकड्यांवरून मतदारसंघ नव्याने आखले गेले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून दोन खासदार होते, त्यांतला एक गेला. आमदारही घटले. आमच्या तालुक्याच्या नावाचा मतदारसंघच पुसला गेला, आणि तिकडे कल्याण-भिवंडीकडे जागा वाढल्या. गुरुजी तेव्हा निवृत्त झाले होते. पेपर घडी करत मला म्हणाले, "आपला खासदारसुद्धा चाकरमानी झाला रे." हसले मात्र नाहीत.

गावाला गुन्हेगार हवा होता. दिल्ली लांब, गुरुजी जवळ. सरपंचांनी टाइप केलेला अर्ज गुरुजींच्या ओटीवर आणला: मोजणीत माझी चूक झाली, पुष्कळ माणसं राहून गेली. खाली गुरुजींनी सही करायची. त्यांनी तो शांतपणे वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या आणि सही न करता परत दिला.

"तुमीच म्हनायचात ना, खासदार कमी करा? घ्या, झाले!" सरपंच चिडून म्हणाले.

"रिकामी बाकं कमी करा म्हणालो होतो, दादा. त्यांनी रिकामी घरं कमी केली."

त्या वर्षी गणपतीत त्यांच्याकडे आरतीला कुणी गेलं नाही. भजनाचा मेळ त्यांच्या अंगणाच्या फाटकावरून, बेड्यावरून, पुढे निघून गेला, आणि त्या मेळात मी होतो. ते ओटीवर निरांजन घेऊन उभे होते. मला लाज वाटली, पण पाय वळले नाहीत. आज स्वतःचाच संताप येतो. गाव सोडून गेलो आम्ही, गाव लहान केलं आम्ही, आणि खापर फोडलं ते मोजणाऱ्याच्या डोक्यावर.

नव्या आखणीची पहिली लोकसभा निवडणूक व्हायच्या आधीच, माघात, गुरुजी गेले. बायको आधीच गेलेली, मुलगी अंजनवेलला दिलेली. ती येईपर्यंत दुपार झाली. पुढचं आईने फोनवर सांगितलं. स्मशान खाली नदीला. तिरडीला खांदा द्यायला सरपंच, सत्तरीचे माझे वडील आणि त्यांच्याच वयाचे आणखी दोघे. अर्ध्या उतारावर वडिलांना धाप लागली, तिरडी खाली ठेवावी लागली. बदली खांदा कुणाचाच नव्हता. शेवटी आंब्याच्या बागेत राखण करणाऱ्या दोन नेपाळ्यांना हाक मारली. ते चपला काढून आले आणि त्यांनी गुरुजींना नदीपर्यंत नेलं.

"सरपंच तितंच जांभ्याच्या दगडावर बसलान नि रडलान," आई म्हणाली. "म्हनतो, मानसां नाय वो गावात."

हे त्यांनी गुरुजींच्या ओटीवर म्हणायला हवं होतं. मी त्या दिवशी नालासोपाऱ्यात होतो. मतदारयादीत माझं नाव अजून गावातच आहे.