लिहिलेला आकडा धरावा

आयटीआय सोडून पंचवीस वर्षं झाल्यावर मी पुन्हा परीक्षेला बसले, आणि त्याचं खापर मी अजूनही आमच्या सरांवर फोडते.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, समता कॉलोनीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी बावीस वर्षांपासून नकाशे काढते. सर कच्च्या कागदावर पेन्सिलीने चार रेघा ओढून देतात, आणि मिस्त्रीला बांधता येईल असा नकाशा त्यातून मी तयार करते. आधी बोर्डवर टी-स्क्वेअर घेऊन करायचे, मग कंप्युटर आला. माझ्या कामाबद्दल सरांनी कधी हूं की चूं केलं नव्हतं. त्या दिवशी मात्र केबिनमध्ये बोलावून त्यांनी सांगितलं की आता मोठ्या कामांसाठी नकाशा काढणाऱ्याचं सर्टिफिकेट मागतात. ज्या सॉफ्टवेअरवर मी रोज काम करते, त्याचंच.

"दीदी, दो महीने हैं, निकाल लीजिए," सर म्हणाले. "नहीं तो ड्रॉइंग किसी और को देनी पड़ेगी. आप बाहर फोन और फाइलें देख लेना."

मी "हव" म्हणाले आणि बाहेर येऊन माउस टेबलावर आपटला. फोन उचलण्यात कमीपणा नाही, माझी एक मैत्रीण सगळं आयुष्य तेच करते आणि माझ्याहून सुखात आहे. पण मला दुसरं काही येत नाही हो. स्वयंपाक बेताचा, बोलणं तिखट, शिवण उसवलेली. नकाशा तेवढा चांगला येतो, आणि बावीस वर्षांत माझ्या एकाही नकाशाबद्दल साइटवरून तक्रार आलेली नाही, हे मी लग्नाकार्यात सुद्धा लोकांना ऐकवत असे. ते टेबल गेलं तर मी कोण, हा प्रश्न मला खरोखर पडला होता.

परीक्षा दोन तासांची, कंप्युटरवरच. आकृती काढायची, सांगतील तसे तिच्यात बदल करायचे, आणि मग विचारतील त्याचं उत्तर द्यायचं: या खोलीचं क्षेत्रफळ किती, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अंतर किती. पास व्हायला शंभरात सत्तर. मला वाटलं, हे तर मी डाव्या हाताने करीन.

पुरानी बस्तीतल्या आमच्या घरी पहाटे पाच ते सात ही अभ्यासाची वेळ ठरली. सातला नळ येतो, मग अभ्यास संपला. मुलगी मोबाइलवर वेळ लावून शेजारी बसायची. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत येतं. नवरा रेल्वेत आहे. त्याने चार दिवस खिचडी खाल्ली आणि पाचव्या दिवशी ताट पुढे ओढत म्हणाला, "पेपर तुया, अन् उपास मले. असं काहून?"

पहिल्या सराव परीक्षेत मला अठ्ठेचाळीस मार्क पडले.

दुसऱ्यांदा पन्नास. तिसऱ्यांदा पुन्हा अठ्ठेचाळीस. आकृत्या सगळ्या बरोबर दिसत होत्या, उत्तरं चुकत होती. मी मुलीला सांगून टाकलं की हा सरावाचा प्रोग्रामच बोगस आहे, कुठल्या तरी पोट्ट्याने घरी बसून बनवला असेल. चौथ्या दिवशी ती माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होती. तिला नकाशातलं ओ की ठो कळत नाही. म्हणूनच असेल, तिने विचारलं,

"मम्मी, ये कमरा भी बारह फुट और वो कमरा भी बारह फुट. फिर ये वाला छोटा क्यों दिख रहा है?"

"तुले काय समजते त्यातलं? वेळ पाहा तू."

पण मी पाहिलं. खोली खरंच लहान होती. प्रश्नात सांगितलं होतं, साडेअकरा फुटांची खोली बारा फूट करा. मी मापाच्या आकड्यावर दोनदा क्लिक करून साडेअकराच्या जागी बारा लिहिलं होतं. भिंत होती तिथेच होती. दिसायला बारा, आणि कंप्युटर क्षेत्रफळ मोजत होता साडेअकराचं.

हे मी चुकून केलं नव्हतं, ते माझ्या हाताच्या सवयीने झालं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी ऑफिसातल्या म्हाताऱ्या ड्राफ्ट्समनने मला हेच शिकवलं. ट्रेसिंग कागदावर शाईने नकाशा पुरा झाला की घरमालकाला हमखास काहीतरी बदलायचं असतं. सगळं पुन्हा कोण काढणार? दाढीच्या ब्लेडने आकडा अलगद खरवडायचा, कागद नखाने घासून गुळगुळीत करायचा आणि नवा आकडा घालायचा. रेघ राहू द्यायची. शीटच्या कोपऱ्यात सूचना असतेच: नकाशावर पट्टी लावू नये, लिहिलेला आकडा धरावा. मिस्त्री रेघ मोजत नाही, आकडा वाचतो. कंप्युटर आल्यावर ब्लेड गेलं, पण रीत तीच राहिली. उलट सोपी झाली, नखं तरी वाचली.

हे सगळं मी मुलीला जरा चढ्या आवाजात समजावून सांगितलं. बावीस वर्षं झाली, एक तक्रार नाही, हेही सांगितलं.

"लेकिन मम्मी," ती म्हणाली, "वो आधा फुट आया कहाँ से?"

मी नळ आला म्हणून उठले. नळ यायला अजून वीस मिनिटं होती.

तिचा प्रश्न मला दिवसभर छळत राहिला. प्लॉट तर रबरासारखा ताणता येत नाही. एका खोलीत सहा इंच लिहून वाढवले आणि बाकीचे आकडे तसेच ठेवले, तर सगळ्यांची बेरीज प्लॉटपेक्षा सहा इंच जास्त होणार. कागदावर ते चालतं. पण विटांचं काय होत असेल? इतक्या वर्षांत हा विचार मला शिवलासुद्धा नव्हता.

शनिवारी मिस्त्री ऑफिसात प्रिंट न्यायला आले. सरांची बहुतेक घरं पंधरा वर्षांपासून हेच बांधतात. शांत माणूस, बोलण्यापेक्षा चहा जास्त. मी त्यांना खुर्ची दिली आणि सरळच विचारलं की माझे नकाशे जागेवर बरोबर बसतात ना.

त्यांनी कप खाली ठेवला.

"बुरा झन मानहू दीदी," ते म्हणाले, म्हणजे वाईट वाटून घेऊ नका. "कभी तीन इंच, कभी छह इंच कम पड़ जाता है. हम गलियारे से काट लेते हैं. गलियारा कौन नापता है?" गलियारा म्हणजे खोल्यांमधला पॅसेज.

"हर बार?"

"हर बार नइ. पर बहुत बार."

"तो बताया क्यों नहीं, भैया? इतने साल?"

"आपका नाम खराब होता."

एवढं बोलून त्यांनी प्रिंटची गुंडाळी काखेत मारली आणि ते गेले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. ज्या गोष्टीचा मी लग्नाकार्यात तोरा मिरवत होते, ती या माणसाच्या भिडस्तपणावर उभी होती. तक्रार आली नव्हती, कारण तो ती गिळत होता.

आणि मला त्याच क्षणी एक घर आठवलं होतं. दोन महिन्यांपूर्वीचा नकाशा. घरमालकाची आई व्हीलचेअरवर आहे, म्हणून तिच्या खोलीजवळचं बाथरूम सहा इंच मोठं करून मागितलं होतं. मी ते केलं होतं. म्हणजे, आकडा केला होता. मिस्त्रींच्या काखेतल्या गुंडाळीत त्याच घराचे प्रिंट होते. सहा इंच गलियाऱ्यातून जाणार, आणि गलियाऱ्यातून तर ती खुर्ची जाणार.

मी तेव्हाच सरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. परीक्षेला तीन आठवडे होते, आणि परीक्षेच्या तोंडावर मी सरांना सांगू की मला नकाशा येत नाही? पायाचं काम चालू आहे, आतल्या भिंतींना वेळ आहे, असं मी स्वतःला रोज समजावत होते. सदर बाजाराच्या गर्दीत स्कूटी अडकली की हाच हिशेब डोक्यात चालू व्हायचा: आता जोतं झालं असेल, आता कॉलम उभे राहिले असतील. घरी येऊन मी नवऱ्याला भलत्याच कारणावरून बोलायचे. तो बिचारा म्हणायचा, "पास हो बाप्पा एकदाची, मग मी बी सुटतो."

अभ्यासाची तऱ्हा मात्र बदलली. माझा हात आकड्याकडे वळला की मुलगी लाकडी पट्टीने टेबलावर टकटक करायची. मी चिडायचे, आकडा सोडायचे, भिंत धरायचे आणि सरकवायचे. भिंत सरकवली की शेजारची खोली लहान व्हायची, दार खिडकीवर जायचं, जिन्याच्या पायऱ्या बाहेर यायच्या. मग तेही निस्तरायचं. एका आकड्याने जे काम चुटकीसरशी होत होतं त्याला आता दहा मिनिटं लागत होती. सुरुवातीला वेळ पुरेना. मार्क चाळिशीत घसरले. मग हळूहळू साठ, पासष्ट, अडुसष्ट.

परीक्षेच्या खोलीत माझ्या आजूबाजूला सगळी कॉलेजची मुलं होती. एकीने मला उठून "मैम, हमें कहाँ बैठना है?" असं विचारलं. मी तिला ऐटीत जागा दाखवली आणि तिच्या शेजारी जाऊन बसले, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. शेवटच्या आकृतीला अकरा मिनिटं उरली होती. एक भिंत सरकवायची होती आणि ती सरकेना, कुठेतरी आधीच्या पायरीत माझं चुकलं होतं. टकटक करायला कोणी नव्हतं. हात आकड्यावर गेला. मी तो मागे घेतला, आकृतीचा तो भाग सगळा पुसला आणि पुन्हा काढला. शेवटचे दोन प्रश्न राहून गेले.

त्र्याहत्तर. पास.

मुलगी खाली स्कूटीपाशी उभी होती. तिने मला भर रस्त्यात उचलायचा प्रयत्न केला आणि आम्ही दोघी पडता पडता वाचलो. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. टेबल राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी समोसे मागवले. सर्टिफिकेटचा प्रिंट स्वतः काढून आणला आणि म्हणाले, आता शीटवर तुमचंही नाव टाकू. बावीस वर्षांत शीटवर माझं नाव कधी आलं नव्हतं. मी समोसा हातात घेऊन उभी होते आणि मला तो खाता येईना. मी म्हटलं, सर, एक मिनिट केबिनमध्ये या.

त्या घराचा नकाशा मी आदल्या संध्याकाळीच घरी खरा करून पाहिला होता. बाथरूमची भिंत खरोखर सरकवली, तर साडेतीन फुटांचा गलियारा तीन फुटांवर येत होता, आणि तेवढ्यात व्हीलचेअर वळत नाही. मी सरांना स्क्रीनवर दाखवलं. आकडा कुठे आहे आणि रेघ कुठे आहे, दोन्ही. किती वर्षं असं करत आले तेही सांगितलं.

सरांनी माउस घेऊन ती भिंत स्वतः मोजून पाहिली. मग म्हणाले, "मिस्त्री तो संभाल लेगा ना?"

"सांभाळून राहिले न ते, सर. पंधरा वर्षं झाली," मी मराठीतच बोलून गेले. सरांना मराठी येत नाही, पण तेवढं त्यांना कळलं असावं. त्यांनी घरमालकाला फोन लावला आणि गॅलरीत गेले.

मी मिस्त्रींना फोन केला. मागे पाण्याचा आणि थापीचा आवाज येत होता. विचारलं, बाथरूमची भिंत कुठवर आली?

"चार रद्दा चढ़ गया, दीदी." विटांचे चार थर. "छह इंच कम पड़ रहा था, हमने गलियारे में ले लिया. आप चिंता झन करो, हम संभाल लिए."

"मत संभालो, भैया," मी म्हणाले. "तोड़ दो. गलती मेरी है."

पलीकडे थापी थांबली. मग त्यांनी तोंड फोनपासून दूर नेऊन कोणाला तरी हाक मारली, आणि थोड्या वेळाने पहिली वीट खाली पडल्याचा आवाज मला ऐकू आला.