आबांचा उजवा हात

आमच्या वडिलांनी, आबांनी, जन्मभर कोल्हापुरातल्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून लोकांना फेसाळतं दूध पाजलं. त्यांचा मुलगा मी. मला म्हैस आजही जवळ उभी करत नाही, म्हणून कचेरीत बसून कागदांना टाचण्या मारतो.

गेल्या वर्षी आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर फिजिओथेरपीची एक तरुण ताई रोज सकाळी यायला लागली. या हातानं तुम्हाला काय करायचंय, असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. आबा जड जिभेनं म्हणाले, "धार काढायची." तिनं ते वहीत लिहून घेतलं. बाकीच्या म्हशी भावकीत गेल्या. एक तेवढी त्या हातासाठी दारात ठेवली.

ताईचा व्यायाम मला व्यायामच वाटेना. कोपराखाली आधार द्यायचा, हात सावकाश हलवायचा, दहा वेळा झालं की विसावा. हाताला धरून ओढू नका, खांदा सैल पडलाय, असं ती जाताना रोज बजावायची. मी मान डोलवायचो. पण माझ्या डोक्यात गल्लीतली तालीम. तिथं मी जेमतेम दीड महिना टिकलो होतो, तरी रग लागल्याशिवाय व्यायाम अंगाला लागत नाही एवढं ज्ञान घेऊनच बाहेर पडलो होतो. ताई गेली की मी आबांचं मनगट धरून हात पार डोक्यावर न्यायचो. शंभर वेळा. घाम दोघांनाही फुटायचा, मला जरा जास्तच. ताईंना विचारा तरी, असं बायको म्हणायची. कोल्हापूरकराला व्यायाम शिकवणार व्हय ती, असं म्हणून मी पुन्हा मनगट धरायचो. आबा छताकडं बघत पडून राहायचे.

पंधरा दिवसांत खांदा सुजला. ताईनं नुसतं बोट लावलं, तर आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी ओढला का, तिनं विचारलं. झोपेत अंगाखाली आला, आबांनी सांगून टाकलं. मी भिंतीकडं बघत उभा.

पुढचे दोन महिने खांदा शेकण्यात आणि मशीनच्या पट्ट्या चिकटवण्यात गेले. तेवढ्यात बोटं आखडली. मग एका सकाळी ताईनं आबांना विचारून वहीतल्या 'धार'वर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'पेला धरणे'. तिला सोडायला दारापर्यंत गेलो आणि सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "मला कळलं होतं, काका. पण तसंही हाताला तेवढं बळ आलं असतंच, असं नाही सांगता येत." ती हे माझ्यासाठी बोलली की खरंच तसं होतं, अजून कळलेलं नाही.

म्हैस टेम्पोत चढवून दिली त्या दुपारी मी आबांच्या खाटेवर जाऊन बसलो. एवढं दुखत होतं तर ओरडला का नाही, असं विचारलं. ते एकेक शब्द जुळवत म्हणाले,

"तुला जल्मात कुठल्या कामाला एवढं झटताना बघितलं न्हवतं. थांब म्हनायला जीव झाला न्हाई."

मग डाव्या हातानं ते उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करायला लागले. सोडलं की बोट परत मिटायचं.