रजेच्या अर्जातला ताप

अंबडच्या कारखान्यातला माझा शेवटचा आठवडा होता. निवृत्त होणाऱ्याची गमतीची मुलाखत आमच्याकडे नोटीस बोर्डावर लावतात. त्यासाठी ऑफिसातली एक तरुण मुलगी कागद-पेन घेऊन माझ्या लेथपाशी आली.

"काका, आवडता रंग?"

"काळा. ग्रीसचे डाग दिसत नाहीत."

"आवडता पदार्थ?"

"मिसळ. सोबत दही आणि पापड नसेल तर ती मिसळच नव्हे, हेही लिहा."

"सुट्टीत काय करायला आवडतं?"

"देवळ्याला जाऊन कांदे काढायला."

तिनं लिहिलं, 'गावी आराम'. मी ते तिथल्या तिथं खोडायला लावलं. दिवसभर वाकून ज्यानं कधी कांदे उपटले नाहीत, त्यानंच त्याला आराम म्हणावं.

शेवटचा प्रश्न होता, "कधी खोटं बोललात?"

"दर वर्षी. कांदा काढणीला आला की मला ताप यायचा. रजेच्या अर्जात तसंच लिहायचो."

तिचं पेन थांबलं. "हे बोर्डावर लावू? मोठे साहेब वाचतील."

"खुशाल लावा. कामावर परतलो की माझं रापलेलं तोंड बघून साहेबच विचारायचे, 'काय, किती ट्रॉली ताप निघाला?' आणि पुढच्या आठवड्यात कंबर धरली म्हणून ते स्वतः रजेवर जायचे. त्यांचं वावर कळवणला आहे. त्यांचा कांदा आमच्या मागून निघतो."